व्हेल शार्कची डावी बाजू टिपा

महोदय,

जाळ्यात सापडलेला व्हेल शार्क जाळे कापून सोडला, तर राज्य शासन मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. २०१८ पासूनची ही योजना. त्यासाठी पुरावा म्हणून फोटो वा व्हिडिओ लागतो. माझे म्हणणे या फोटोंबद्दल आहे.

व्हेल शार्कच्या अंगावरचे पांढरे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात. शेवटच्या कल्ल्यामागचा, छातीच्या पराच्या वरचा डाव्या कुशीचा पट्टा नीट टिपला, तर तोच मासा काही वर्षांनी दुसऱ्या समुद्रातही ओळखता येतो. आकाशातले तारे जुळवण्याची गणिती पद्धत त्यासाठी वापरतात! पांढरे शार्क पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेला असलेल्या खाचांवरून ओळखतात. व्रणांचाही उपयोग होतो, बोटीच्या पंख्याने कापलेला पर तर लांबूनच कळतो. पण शार्कच्या जखमा फार लवकर भरतात, त्यामुळे नुसत्या ओरखड्यावर विसंबणे धोक्याचे.

आपल्याकडे मात्र घाईत शेपटीचा फोटो निघतो आणि फाइलला लागतो. जाळे कापायची धांदल असताना दुसरे काय होणार म्हणा! तरी भरपाईच्या अर्जात ‘शक्य असल्यास डाव्या कल्ल्यामागचा फोटो जोडावा’ एवढी एक ओळ घालायला पैसा लागत नाही. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात आणि दिवाळे, सारसोळेच्या जेट्टीवर याचे एक सचित्र फलक लावावे. ते मराठीत असावे, हे वेगळे सांगायला नको.

— एक वाचक, बेलापूर, नवी मुंबई