पेपरची पानं वाजवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका, सा. न.

अभ्यासिकेत तुम्ही रोज नुसता पेपर वाचायला यायचात आणि पानं फार वाजवायचात. मी मनातल्या मनात जाम वैतागायचे. आधी हे कबूल करते, मग आभार मानते.

एप्रिल २०२४. यूपीएससीचा निकाल लागला होता. माझी गाडी पूर्वपरीक्षेलाच अडकलेली, तिसऱ्यांदा. मी जिन्यात बसले होते आणि समोरच्या क्लासवर यशवंतांचा फ्लेक्स चढत होता. तुम्ही शेजारी टेकलात. "न लागलेल्यांचा फ्लेक्स केला तर शनिवारवाड्यापर्यंत जाईल," म्हणालात. मग अब्राहम वाल्डची गोष्ट: दुसऱ्या महायुद्धात परतलेल्या विमानांवरची भोकं बघून हा गणिती न परतलेल्यांचा हिशेब मांडायचा; जिथे भोकं दिसत नाहीत, तिथे गोळी लागलेली विमानं परतलीच नाहीत.

मला राग आला. विमा कंपनीत जन्म काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! तुम्ही मात्र पेपरच्या समासात आकडे लिहीत बसलात. अर्ज १०,१६,८५०. प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. निवड १,०१६. "न बसलेले सोडून देऊ, तुझ्या बाजूने धरू." तरी साधारण ५८० जणांत एक. मी म्हटलं, माझी गोष्ट वेगळी आहे. "आत जाऊन विचार, प्रत्येकाची वेगळीच असेल."

"पण काका, तीन वर्षं घातलीत."

"ती गेली. आज पहिल्यांदाच स्वारगेटला उतरली असतीस, तर हाच फॉर्म भरला असतास?"

मी गप्प. मग तुम्ही कोरा कागद दिलात. समज, पुढचं वर्षही फुकट गेलं; का गेलं ते आत्ताच लिही. मोबाइल, झोप, पूर्वपरीक्षेतला सीसॅटचा पेपर असं काहीबाही लिहीत गेले. चौथ्या ओळीला हातून उतरलं: मला हे नकोच होतं, बाबांना हवं होतं. तुम्ही वाचलंत, घडी घालून परत दिलंत आणि दोन कटिंग सांगितलेत. एक अक्षर बोलला नाहीत. खरे आभार त्या न बोलण्याचे.

बी.फार्म. होतेच. कराडला मेडिकल टाकायचं ठरवलं तेव्हा माझ्या हिशेबाने चार महिने पुरे होते. तुमचं "प्रत्येकाची वेगळीच असेल" आठवलं आणि आपलं वेळापत्रक बाजूला ठेवून आधीच्या तीन दुकानदारांना गाठलं. कोणालाच नऊच्या आत जमलं नव्हतं. दहा चौरस मीटरची जागा, फ्रिज, अन्न व औषध प्रशासनाच्या खेपा. मी दहा धरले, अकरा लागले. पैसे दहाचेच जमवले होते. शेवटचा महिना आईच्या पाटल्यांवर निघाला.

एक मात्र पटलं नाही. मनाची खोड कळली की निम्मी जाते, म्हणायचात. माझी कुठे गेली? परवापर्यंत न खपणारे प्रोटीनचे डबे मुदत संपेस्तोवर धरून बसले होते, पैसे अडकलेत म्हणून.

कराडवरून जाणं झालं तर उतरा. दुकानात पेपर येतो.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची