पेपरच्या सकाळी पोटात काय हवे?

संपादक महोदय,

परीक्षा आल्या की इंदूरच्या भंवरकुआँ या शिकवणी वर्गांच्या भागात राहणारी मुले एक तर उपाशी निघतात, नाहीतर पोहे-जिलबी आणि कडक चहावर. दोन्हींत नुकसान आहे. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण सुमारे २० टक्के ऊर्जा तोच वापरतो, तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. रात्री ९ ला जेवून सकाळी ११ पर्यंत काही न खाणे म्हणजे १४ तासांचा उपास. लक्ष उडते, काहींचे डोके दुखते. नुसत्या जिलबीने साखर झपाट्याने चढते आणि उतरते, मग ऐन पेपरात पेंग येते.

आपले इंदुरी पोहे मात्र मुळीच सोडू नका! ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांत प्रथिने जेमतेम ३-४ ग्रॅम, एवढीच त्यांची उणीव. त्यात ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे घातले की आणखी ७ ग्रॅम मिळतात; मूठभर वाफवलेले मोडाचे मूगही घालावेत. शेव बेताची. वर लिंबू हवेच, त्याने लोह चांगले शोषले जाते. चहा तासाभराने घ्यावा, कारण त्यातली टॅनिन द्रव्ये लोह अडवतात. जाड पोहे चाळणीत धुऊन १० मिनिटे निथळावेत. पाण्यात ठेवले तर लगदा होतो. खोलीवर गॅस नसेल तर पातळ पोह्यांत वाटीभर दही आणि दाणे.

पेपरच्या दीड तास आधी खावे. सवय नसणाऱ्यांनी आठवडाभर आधीपासून केळे आणि कपभर दुधाने सुरुवात करावी. पेपरच्याच दिवशी पहिल्यांदा भरपेट खाल्ले तर मळमळते.

— दोन आहारतज्ज्ञ, इंदूर