लाल डोळा म्हणजे दर वेळी ‘डोळे आले’ नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मृग तोंडावर आला की आपल्या अंकात ‘डोळे आल्यास काय काळजी घ्याल’ अशी चौकट येते. यंदाही आली. हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा, डोळे चोळू नका. त्यातली एकही ओळ चुकीची नाही. माझा डोळा मात्र त्या चौकटीत बसणारा नव्हता आणि मी तो बळेच बसवला. त्यात ११ दिवस गेले. म्हणून हे पत्र.

मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वय ४१. एप्रिलच्या सुरुवातीला एका सकाळी उजवा डोळा लाल झाला. गाडी गावात शिरते न शिरते तोच पारावरून हाक आली, “काय गुर्जी, डोया उना का?” शाळेत सहकाऱ्यांनी खुर्च्या लांब ओढल्या. त्यांना तरी काय बोलणार? २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर साथ आली तेव्हा आमचे निम्मे वर्ग रिकामे पडले होते. घरी आईने गुलाबपाण्याची बाटली काढली. संध्याकाळी मी मेडिकलवर गेलो. दुकानदाराने काउंटरपलीकडूनच डोळ्याकडे पाहिलं आणि थेंब दिले. चिठ्ठी त्याने मागितली नाही, बाटलीवर काय लिहिलंय ते मीही वाचलं नाही. रोज वर्गात ‘नीट वाचून उत्तर लिहा’ असं बजावणारा माणूस मी.

दोन-तीन दिवस बरं वाटलं. मग दुखणं परत आलं आणि ते वेगळंच होतं. डोळे आले की पापण्या चिकटतात, चिपडं येतात, आत वाळू गेल्यासारखं खुपतं. मला यातलं काहीच नव्हतं. होता तो आतून ठणका, भुवईपर्यंत चढणारा. आणि उजेड सोसेना. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात एका डोळ्यावर रुमाल बांधून गाडी चालवायचो. नवल म्हणजे चांगल्या डोळ्यावर ऊन पडलं तरी झाकलेला डोळा कळवळायचा. अकराव्या दिवशी पेपर तपासताना डावा डोळा मिटून पाहिलं. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे धुरकट झाले होते. तेव्हा कुठे जळगाव गाठलं.

डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, डोळ्याला केळीचं पान, ज्वारीचं ताट, काही लागलं होतं का? मग हनुवटी टेकवून स्लिट लॅम्पसमोर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रासमोर, बसवलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “गुरुजी, तुमचे डोळे आलेले नाहीत. डोळ्याच्या आत सूज आहे. युव्हिआयटिस म्हणतात.” अंधाऱ्या खोलीत कवडसा पडला की त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात ना, तशा माझ्या डोळ्याच्या आतल्या पाण्यात पांढऱ्या पेशी तरंगत होत्या. आणि बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटायला लागली होती. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर त्यांनी मला आरशात दाखवलं. सगळीकडून ती पसरली होती, पण खालच्या बाजूला अडकून खाच पडली होती, उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी. ते पाहिलं आणि पोटात गोळा आला.

“डोळा जाईल का?” मी विचारलं.

“वेळेवर आलात असं म्हणणार नाही. पण हातचं गेलंय असंही नाही.”

मेडिकलच्या बाटलीत थोडं स्टेरॉइड, म्हणजे सूज दाबणारं औषध, होतं. त्यामुळे आजार अर्धवट दबला आणि मला वाटलं, उतरतोय. बाईंनी सुरुवातीला पानाचं का विचारलं तेही नंतर कळलं. शेतात काम करताना पान किंवा काडी लागून डोळ्याच्या काचेवर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, बुरशीची जखम होते. त्या डोळ्यातही हेच थेंब पडले तर जखम चिघळते आणि नजर जाऊ शकते. म्हणजे एकच बाटली एका लाल डोळ्याला औषध आणि दुसऱ्याला विष, आणि दोन्ही डोळे काउंटरपलीकडून सारखेच लाल दिसतात. केळी-कापसाच्या आपल्या मुलखात दुकानदारांनी आणि गिऱ्हाइकांनी हे एकदा डोक्यात घ्यायला हवं.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. जागेपणी दर तासाला स्टेरॉइडचा एक थेंब. औषध दुधासारखं पांढरं, आणि ठेवलं की तळाशी बसतं. बाटली हलवली नाही तर डोळ्यात नुसतं पाणीच पडतं. बायकोने कपाटाच्या आरशावर तक्ता डकवला आणि मोबाइलला गजर लावला. बाहुली मोठी झाल्यामुळे जवळचं काही वाचता येईना. माझे उरलेले पेपर शेजारच्या वर्गाच्या बाईंनी तपासले. हो, त्याच, खुर्ची लांब ओढणाऱ्या.

‘स्टेरॉइड’ हा शब्द घरात शिरला आणि शालकाचा फोन आला, “दाजी, आधी बंद करा ते!” मला तेवढंच हवं होतं. सहाव्या दिवशी डोळा पांढरास्वच्छ दिसला म्हणून मी आपल्या मनाने थेंब निम्म्यावर आणले. तिसऱ्या रात्री ठणका हजर. या खेपेला मेडिकलवाल्याच्या नावाने खडे फोडायचीही सोय नव्हती. डॉक्टरबाईंनी बोलून घेतलं ते घेतलंच, पण समजावलंही. वरची लाली आधी जाते, आतली सूज मागे राहते. म्हणून थेंब पायरीपायरीने कमी करायचे. स्टेरॉइडने डोळ्याचा दाब वाढू शकतो, फार काळ चाललं तर मोतीबिंदूही होऊ शकतो. त्यासाठीच तर त्या दर खेपेला दाब मोजत होत्या. औषधाची भीती खोटी नव्हती, ती वापरायची रीत मला कळली नव्हती. असो. थेंब पूर्ण सुटायला जून उजाडला.

मध्ये तपासण्या झाल्या. छातीचा एक्स-रे, हातावर टीबीची सुई, रक्त. डोळ्याला टीबी? आईने त्या दिवशी माझा पेला मुकाट्याने वेगळा ठेवला, मीही पाहून न पाहिल्यासारखं केलं. आपल्याकडे या सुजेमागे टीबी निघू शकतो, म्हणून ते तपासावंच लागतं. माझा नव्हता. पण बाईंनी सहज विचारलं होतं, “सकाळी उठल्यावर कंबर आखडते का? आणि हिंडल्या-फिरल्यावर मोकळी होते?” मी चाट पडलो. सहा वर्षं आखडत होती, आणि सहा वर्षं मी रस्त्यातल्या खड्ड्यांना शिव्या देत होतो. रक्तात एचएलए-बी २७ हा जनुक निघाला. तो असलेल्या बहुतेकांना आयुष्यात काही होत नाही. काहींना मात्र मणक्याचा संधिवात होतो आणि त्याच्यासोबत डोळ्याची ही सूज येऊ शकते. कमरेचं दुखणं डोळ्याने पकडून दिलं. आता संधिवाताच्या डॉक्टरांकडेही जातो. खड्डे आहेत तिथेच आहेत.

हा आजार नजरेने, हाताने किंवा पेल्याने कुणाला लागत नाही. पण तो परत येऊ शकतो, कधी या डोळ्याला, कधी त्या. सुरुवातीला रोज सकाळी उठल्याबरोबर आरशासमोर उभा राहायचो. एकेक डोळा झाकून कॅलेंडर वाचायचो, दिवसातून दहा वेळा. बायको म्हणाली, तारीख बदललेली नाही हो. आता आठवड्यातून एकदा बघतो. लाली, ठणका, उजेडाचा त्रास, धूसर दिसणं यातलं काही जाणवलं तर त्याच दिवशी जायचं, एवढं ठरलंय.

आता मागणं. आपल्या भागात गावोगाव मोतीबिंदूची शिबिरं होतात. चांगलंच आहे. पण लाल डोळा कुणी शिबिरात दाखवत नाही, तो जातो मेडिकलवर. मला गाडीभाडं आणि तपासण्यांचा खर्च पेलला, रोजंदारीवरच्या माणसाला तो कसा पेलणार? त्याला निदान एवढं तरी माहीत हवं की धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुनं आहे, जळगावला २०१८ पासून आणि नंदुरबारला २०२० पासून झालं आहे. तिथल्या ओपीडीत डोळा दाखवायला फार पैसे लागत नाहीत.

पुढच्या वेळी ती चौकट छापाल तेव्हा तिच्याखाली चार ओळी वाढवा: चिपडं नाहीत पण डोळा आतून दुखतोय, उजेड सोसत नाही, दिसायला कमी आलंय, तर हे ‘डोळे येणं’ नसेल, कुणाच्या सांगण्यावरून थेंब घालू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. जमलं तर अहिराणीतही छापा, पारावर मोठ्याने वाचली जाईल. आणि छापण्याआधी एखाद्या नेत्रतज्ज्ञाच्या नजरेखालून घाला, मी मराठी आणि गणित शिकवतो.

आपला,
एक शिक्षक-वाचक, ता. चोपडा, जि. जळगाव
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये. आईला अजून वाटतं की डोळे आले होते.)