शिबिर इंग्रजीचं असू द्या, कागद मराठीत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकासोबत गेल्या आठवड्यात उन्हाळी शिबिरांची पुरवणी आली. पोहणं, तबला, बुद्धिबळ यांच्या जोडीला यंदा निवासी इंग्रजी वर्गांच्या जाहिराती बऱ्याच दिसल्या. कुणी पाचगणीला नेतंय, कुणी पुण्याजवळ, आणि काही तर थेट इंग्लंडला. बॅगेत काय भरावं याची यादीही तुम्ही छापली, ती कामाची आहे. पण टोपी, टॉर्च आणि रेनकोटाच्या आधी भरावे लागतात ते फॉर्म, आणि त्यांच्याबद्दल पुरवणीत एक ओळ नव्हती. ते फॉर्म माझ्या हाताखालून जातात, म्हणून हे पत्र.

सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आधार, पॅन, शिष्यवृत्ती, पासपोर्टची अपॉइंटमेंट, रेल्वेचं तिकीट, सगळं चालतं. एप्रिल लागला की शिबिरवाले पालक यायला लागतात. बहुतेक शहराच्या पूर्व भागातले. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (मागांवर देखरेख करणारे) असलेले वडील, घरी विड्या वळणारी आई, नाहीतर चार मागांचा छोटा मालक. भिशी लागली म्हणून किंवा सोनं गहाण ठेवून फी भरलेली असते. मोबाइलवर पंधरा-वीस पानांची पीडीएफ आलेली असते, सगळी इंग्रजीत. प्रिंट हातात पडली की पहिला प्रश्न ठरलेला: "ओ सर, सही कुठं करायचं तेवढं दाखवा की."

सही कशाखाली होते, ते बघा. एका पानावर असतं की आणीबाणीत पालकांशी संपर्क झाला नाही तर डॉक्टर सांगतील ते उपचार, वेळ पडली तर भूल देऊन शस्त्रक्रियासुद्धा, करायला आमची संमती आहे. यात वाईट काही नाही, मूल दूर असताना असा कागद लागतोच. पण त्याच्याच खालच्या चौकटीत मुलाचे फोटो आणि व्हिडिओ जाहिरातीत वापरायची परवानगी मागितलेली असते. तिथं 'नाही'वर खूण करता येते, असं मी सांगितलं की लोक चमकतात. "मग प्रवेश रद्द करणार नाहीत ना?" आणखी एका ठिकाणी लिहिलेलं असतं की अमुक वयाच्या पुढच्या मुलांना तीन-चार जणांच्या गटानं, मोठं माणूस सोबत नसताना, बाजारात जाऊ दिलं जाईल. मुलीच्या आईला हे वाचून दाखवलं की ती पेन खाली ठेवते आणि नवऱ्याला फोन लावते. लावू दे. तो फोन सहीच्या आधीच व्हायला हवा.

परताव्याच्या अटीचं तर विचारूच नका. गेल्या वर्षी एक मुलगा तापानं फणफणून अर्ध्यातच घरी आला. वडिलांनी उरलेली फी मागितली, तर संस्थेनं त्यांच्याच सहीचं पान पुढं केलं. शिबिर सुरू झाल्यावर कोणत्याही कारणानं परतावा नाही! संस्थेचं नाव लिहीत नाही. कागदाप्रमाणं ती बरोबरच होती, आणि माझं दुखणं नेमकं तिथंच आहे.

सगळ्यात अडतं ते आरोग्याच्या फॉर्मवर. यंदा एक गृहस्थ आले. खाली कारखाना, वर घर. बारा-तेरा वर्षांचा मुलगा शेजारी स्टुलावर बसलेला. मी विचारत गेलो, ते सांगत गेले. ऑपरेशन झालंय? नाही. औषध चालू आहे? नाही. दमा, श्वासाचा त्रास? "नाही लिहा." पोराच्या शर्टाच्या खिशातून निळ्या पंपाचं टोक बाहेर आलं होतं. मी पंपाकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं. "नका लिहू ओ. लिहिलं की घेत नाहीत." मी म्हटलं, थंड हवेत रात्री दोनला याला धाप लागली तर पंप कुठं ठेवलाय ते वॉर्डनला कोण सांगणार? पोरगंच मधे बोललं, "मी सांगतो की, इंग्लिशमधनं." धाप लागल्यावर माणसाला आपल्या भाषेतसुद्धा वाक्य पुरं करता येत नाही, तिथं इंग्लिश कुठलं! शेवटी सगळं लिहिलं. कोणता पंप, केव्हा घ्यायचा, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. संस्थेनं प्रवेश नाकारला नाही. उलट एक जादा पंप वॉर्डनजवळ द्याल का, असा फोन आला.

दमाच नव्हे, फिट येणं, अंथरूण ओलं होणं, मुलीची नुकतीच सुरू झालेली पाळी, हे सगळं झाकलं जातं. आपल्याकडं आजार म्हणजे कमीपणा, आणि फॉर्म म्हणजे परीक्षा, असा समज आहे. त्या पानावर प्रत्येक प्रश्नाखाली मराठीत एकच ओळ असती, की ही माहिती मुलाच्या काळजीसाठी आहे, तर निम्मी लपवाछपवी थांबली असती.

खाण्याचं एक खास सोलापूरकरांसाठी. इंग्लंडला निघालेल्या एका मुलीच्या आईनं अर्धा किलो शेंगा चटणी बांधून ठेवली होती. सूचनांच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, वसतिगृहात शेंगदाणा आणि सुकामेवा चालणार नाही. शेंगदाण्याच्या ॲलर्जीनं काही मुलांचा घसा सुजून जीव जाऊ शकतो. तिथल्या कायद्यानं खाद्यपदार्थात असतील तर सांगावेच लागतात असे १४ घटक आहेत, त्यात शेंगदाणा आहे आणि तीळसुद्धा. हे त्या माउलीला पटेना. शेंगा चटणीनं माणूस दगावतो, हे सोलापुरात कुणाला पटेल? शिवाय भारतातून तिथं दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढेही गेले. कडक भाकरी न्यायला हरकत नाही, फक्त तीळ लावलेली नसावी. ही माहिती त्या पीडीएफमध्ये होती की! अकराव्या पानावर होती, इंग्रजीत होती, आणि कुणी वाचली नव्हती.

आता चाचणीबद्दल. निघण्याआधी बऱ्याच ठिकाणी एक ऑनलाइन परीक्षा घेतात. भाषा किती येते त्याच्या युरोपात २००१ साली ठरलेल्या सहा पायऱ्या आहेत, ए-१ पासून सी-२ पर्यंत, त्यातल्या कोणत्या पायरीवर मूल आहे ते बघून वर्ग ठरवतात. ही परीक्षा माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर होते, आणि खुर्चीवर बसतो इंजिनिअरिंगचा चुलतभाऊ. पोरगं मागं उभं राहून आइस्क्रीम खातं. भाऊ बी-२ काढून देतो, घरचे खूश. पुढं तीन आठवडे ते पोरगं अशा वर्गात बसणार, जिथं बाकीचे वादविवाद करतायत आणि याला 'पंखा बंद आहे' म्हणायला जमत नाही. या परीक्षेत नापास कुणी होत नाही ओ. खालच्या वर्गात बसलं तर पैसे जास्त वसूल होतील, हे मी धंदेवाईक माणूस म्हणून सांगतो. हल्ली मी चुलतभावाला उठवतो आणि पोराला बसवतो. काही गिऱ्हाइकं त्यामुळं शेजारच्या दुकानात जातात. जाऊ देत.

आपल्या पोरांना भाषेची भीती असायचं खरं तर कारण नाही. पूर्व भागातलं पोरगं घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दखनी बोलतं, आणि अक्कलकोटला मामाकडं गेलं की कानडी. शिकवणी कुठल्याच भाषेची लावलेली नसते. भैय्या चौकातल्या स्मारकामुळं डॉ. द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत. १९३८ साली ते चीनला गेले आणि तिथं राहून, रुग्ण तपासता तपासता चिनी बोलायला शिकले. राहून शिकण्याचा फायदा तोच. म्हणून जायच्या आधी काळाचे बारा प्रकार घोकून घेण्यापेक्षा रोज लागणारी वाक्यं पोराच्या तोंडात बसवा. पोटात दुखतंय. किल्ली हरवली. समजलं नाही, परत सावकाश सांगा. हे जेवण मी खात नाही. मला घरी फोन करायचाय. माझ्या मते यातलं 'समजलं नाही' हे सगळ्यात मोलाचं, आणि आपली पोरं तेच म्हणत नाहीत. मान डोलावतात.

आणखी एक तयारी फुकटात होते, ती म्हणजे पोराला आई-बापाशिवाय चार दिवस बार्शीला मावशीकडं नाहीतर पंढरपूरला आत्याकडं पाठवणं. मोजे स्वतः धुवायचे, ताट स्वतः उचलायचं, रात्री फोन करायचा नाही. फोनचं मुद्दाम लिहितो. बहुतेक शिबिरांत फोन काढून घेतात आणि ठरावीक वेळी देतात. उन्हाळ्यात इंग्लंडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं. आपण रात्री दहाला जेवून निवांत फोन लावतो, तेव्हा तिथं संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात आणि पोरं मैदानावर असतात. फोन उचलला नाही की इकडं रडारड सुरू. (सोलापूरचं पोरगं आणखी एका गोष्टीवरून ओळखू येईल. नळाला रोज पाणी येतंय हे बघूनही ते पहिल्या दिवशी मिळेल ती बादली भरून ठेवील. त्याला हसू नका म्हणावं वॉर्डनला.)

पालकांनीही दोन प्रश्न संस्थेला तोंडावर विचारावेत. रात्री मुलींच्या इमारतीत बाई मुक्कामाला असते का? आणि कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी झालीय का? इंग्लंडमध्ये मुलांसोबत अशी कामं करणाऱ्यांची पार्श्वभूमी सरकारी यंत्रणेमार्फत तपासतात. ही चौकशी करणं म्हणजे संशय घेणं नव्हे. चांगली संस्था लगेच उत्तर देते. जी रागावते तिथं पोराला पाठवू नये, एवढं मला कळतं.

आता मुद्द्यावर येतो. इंग्लंडच्या व्हिसासाठी १८ वर्षांखालच्या मुलाला पालकांचं संमतीपत्र लागतं, तिथं कुठं आणि कुणाच्या देखरेखीखाली राहणार ते दाखवावं लागतं. अर्ज निघण्याच्या तीन महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही आणि निकालाला आठवडे लागतात, म्हणून पासपोर्ट त्याआधीच हातात हवा. एवढं सगळं गोळा करून झाल्यावर कळतं की शाळेचा दाखला मराठीत आहे, बापाच्या नावचा सातबारा मराठीत आहे, आणि व्हिसावाल्यांना तो इंग्रजीत हवाय. साधा नाही, भाषांतरकाराच्या सहीनिशी आणि तारखेनिशी. बरोबर आहे त्यांचं. जो कागद वाचता येत नाही त्यावर ते निर्णय घेत नाहीत. मग आपल्या माणसानं त्याला वाचता न येणाऱ्या कागदावर आपलं लेकरू का सोपवावं?

इंग्लंडच्या संस्थांनी मराठीत फॉर्म छापावेत असं मी म्हणत नाही. त्यांचे इथले एजंट आहेत, जे आपल्या घरी येऊन अस्खलित मराठीत फी सांगतात, हप्ते सांगतात, सवलतीची शेवटची तारीख सांगतात. त्यांनी संमतीपत्र, आरोग्याचा फॉर्म आणि परताव्याच्या अटी एवढी तीन-चार पानं मराठीत द्यावीत. पाचगणी आणि पुण्याच्या शिबिरांना तर काहीच सबब नाही. त्यांची जाहिरात मराठीत असते, पावतीवर शिक्का मराठीत असतो, एकटी जबाबदारी तेवढी इंग्रजीत! आमच्या शहरासाठी तेलुगू, कन्नड आणि उर्दूत दिलं तर फारच बरं, पण मराठीपासून तरी सुरुवात व्हावी. एकदा करून घेतलं की दरवर्षी चालतं, त्यात खर्च तो किती?

आपल्याकडून एक अपेक्षा आहे. पुढच्या वर्षी अशा जाहिराती घेताना संस्थेला विचारा, की पालकांनी सही करायची पानं मराठीत देता का? जे 'हो' म्हणतील त्यांच्या जाहिरातीत तसं ठळक छापा. बाकीचे दुसऱ्या वर्षी आपोआप देतील, कारण पालक कोणती जाहिरात कापून आणतात ते मी काउंटरवरून बघतोच.

तोवर ज्यांच्याकडं असे फॉर्म आलेत त्यांनी ते सहीआधी कुणाकडून तरी वाचून घ्यावेत. शाळेतले सर असतील, बँकेतली पोरगी असेल, कुणीही. माझ्याकडं आलात तर वाचून दाखवायचे पैसे घेत नाही, प्रिंटचे घेतो. फक्त दुपारी नका येऊ, तेव्हा शिष्यवृत्तीवाल्यांची रांग असते. संध्याकाळी सातनंतर या, आणि पोराला सोबत आणा, कारण निम्म्या प्रश्नांची खरी उत्तरं त्यालाच माहीत असतात.

आपला,
एक झेरॉक्स दुकानदार,
अशोक चौक परिसर, सोलापूर