पाच बैठका आणि त्यापुढचं

लातूर
रविवार, दुपार

प्रिय अंकुश,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. व्हॉट्सॲपवर उत्तर द्यायला बसलो, पण तिथं माझं बोलणं तुकड्यातुकड्यात होतं, म्हणून सरळ पत्रच लिहायला घेतलं. वहिनींना दाखवलंस तरी चालेल, लपवण्यासारखं यात काही नाही.

ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड सगळं नॉर्मल आलं हे वाचून जीव भांड्यात पडला. पुढं तू लिहिलंस की डॉक्टरांनी 'टेन्शन घेऊ नका' म्हणून ॲसिडिटीची गोळी हातावर ठेवली. आपल्याकडं छातीतली धडधड अशीच फिरते बघ. आधी हृदयवाला, मग पोटवाला, मग आत्याबाई सांगतात म्हणून दृष्ट काढणं, आणि मनाच्या डॉक्टरचं नाव सगळ्यात शेवटी, तेही दार लोटून घेऊन. तू त्या मानानं लवकर पोचलास.

आता तुझा प्रश्न. कंपनीनं देऊ केलेल्या समुपदेशनाच्या पाच फुकट बैठका घ्याव्यात, का खिशातले पैसे घालून बाहेर कुणाकडं नेमानं जावं? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. बाहेरचं माणूस आत्तापासूनच शोध. कंपनीचंही घे, पण साहेबापुरतं आणि कामाच्या पाळीपुरतं. तुझ्या वडिलांचं, अण्णांचं, घरचं, लहानपणचं तिथं उकरू नको.

असं का म्हणतो ते ऐक. कंपनीच्या सल्ल्याला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. आमच्या बँकेनंही अशी सोय ठेवलेली आहे, आणि माझी नांदेडला बदली निघाली होती तेव्हा मी तो नंबर फिरवला होता. नाव, कर्मचारी क्रमांक विचारला, 'जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का' हेही अगदी सहज आवाजात विचारलं (दचकू नको, तो प्रश्न सगळ्यांनाच असतो), आणि दोन-तीन दिवसांनंतरची वेळ दिली. पलीकडच्या बाईंनी माझं रडगाणं थोडा वेळ ऐकलं आणि वही घ्यायला लावली. बदली थांबवणं कुणाच्या हातात आहे, आईला बरोबर नेणं कुणाच्या हातात आहे, पोरीची शाळा कुणाच्या हातात आहे, एकेक ओळ लिहून घेतली. थोड्याच बैठकांत माझा निर्णय झाला. मामला एकच होता, त्याला तारीख होती, आणि पुढं काही उरलंही नाही. अशा कामाला ही सोय फार चांगली आहे. बहुतेक ठिकाणी एका अडचणीला वर्षाला तीन ते आठ बैठका मिळतात, तुमच्याकडं पाच आहेत, आणि समोरचा माणूस त्याच हिशेबानं बोलतो. तो खोल जात नाही, आणि त्यानं जाऊही नये. पाचव्या बैठकीला जखम उघडी टाकून 'बरं, येतो' म्हणण्यापेक्षा ते बरं.

पण तुझा मामला एका तारखेचा आहे का? तू लिहितोस, सगळं नवीन साहेब आल्यापासून सुरू झालं. गड्या, साहेब नवा असेल, भीती जुनी आहे. ट्यूशन एरियातल्या त्या खोलीत तुझ्या शेजारच्या कॉटवर मी झोपत होतो. रविवारच्या टेस्टच्या आदल्या रात्री तू बाथरूमच्या मोरीपाशी बसून राहायचास, ओकारी काढायचास आणि सकाळी ग्लासात ओआरएस ढवळून पिऊन निघायचास. मार्क लागले की कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून अण्णांना फोन. नंबर लावायच्या आधी तू शर्टाला हात पुसायचास, ते मला अजून दिसतं. पलीकडून अण्णा काय बोलायचे ते मला ऐकू यायचं नाही, पण तुझं 'हो... हो... हो' ऐकू यायचं. आता साहेब मीटिंगमध्ये आकडे विचारतो आणि तुझी छाती धडधडते. तू म्हणशील ही माझी डॉक्टरकी. असू दे. पण ही गोष्ट तू पहिल्या बैठकीत सांगणार नाहीस हे मला पक्कं माहीत आहे, कारण तुला ती गोष्ट वाटतच नाही.

मी स्वतः नंतर बाहेर ज्यांच्याकडं गेलो, तिथं सुरुवात उन्हाळ्यात झाली आणि वडिलांबद्दल मी तोंड उघडलं तेव्हा दिवाळीचा फराळ संपत आला होता. तोवर काय बोलत होतो? बँकेचं, झोपेचं, बायकोशी होणाऱ्या किरकोळ कुरबुरींचं. तो वेळ वाया गेला असं नाही, समोरच्या माणसावर विश्वास बसायला तेवढं लागलंच. मोजून दिलेल्या बैठकांत ही सवलत नसते. टँकर आला म्हणून कुणी विहिरीचं काम थांबवत नाही, तेवढं लक्षात ठेव.

आणि बाहेरचं म्हणजे जन्मभराचं लचांड, अशी धास्तीही घेऊ नको. अचानक धडधड, दम कोंडणं, आत्ता मरतो की काय असं वाटणं, याला पॅनिक म्हणतात, आणि त्यावर विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणारी थेरपी चांगली लागू पडते. आठवड्याला एक धरली तर साधारण बारा ते वीस बैठका. म्हणजे तुझ्या पाच तर निम्म्यालाही पुरत नाहीत. नुसत्या गप्पा असतात असंही नाही. मुद्दाम जागच्या जागी पळायला लावतात, छाती धडधडू देतात, आणि तसंच खुर्चीत बसवून ठेवतात, कुठं पळून न जाता. धडधड वाढते आणि आपली आपण उतरते हे अंगाला कळेपर्यंत. शिवाय आपल्या मराठीत विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करणारी माणसंही बरीच आहेत. 'साहेब ओरडला म्हणजे मी नालायक' या वाक्याची ती चांगली उलटतपासणी घेतात. ते संपल्यावर अण्णांचं पुढं न्यायचं का नाही, तो तुझा प्रश्न.

तुझी मोठी शंका एचआरला कळतं का ही. स्वतःहून फोन केलास तर नाव जात नाही. बाहेरच्या संस्थेला हे काम दिलेलं असतं, आणि ती कंपनीला ठरावीक काळानं नुसते आकडे देते, इतक्यांनी फोन केला, त्यातले इतके कामाच्या ताणासाठी, इतके घरच्या भांडणासाठी. कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मात्र सल्लागार गप्प बसत नाही, आणि हा नियम तू स्वतः बाहेर शोधशील त्यालाही लागू आहे. तुझ्या बाबतीत गोम वेगळीच आहे. प्रॉडक्शन लाइनवर तुझा आवाज चढला आणि दुसऱ्या दिवशी एचआरच्या मॅडमनी बोलावून 'तुम्ही समुपदेशन घ्या' म्हटलं. हे सुचवणं होतं का पाठवणं? पाठवलेलं असेल तर बहुधा एका कागदावर तुझी संमती घेतात. मग आत काय बोललास ते जात नाही, पण तू हजर होतास का, सांगितलेलं पाळतोयस का, एवढं कंपनीला कळू शकतं. सही करायच्या आधी तो कागद नीट वाच, आणि काय कळवणार हे विचारून घे. गेटजवळच्या कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरपाशीही हे सगळं ओतू नको. माणूस भला असेल, पण तू मशीनवर उभा राहायला फिट आहेस का हे कंपनीला सांगणं त्याचं कामच आहे.

राजीनाम्याचंही तू ओझरतं लिहिलंस. नोकरी गेली की त्या बैठकाही गेल्या, हे धरून चाल. आणि तिथं जो सल्लागार आवडेल त्याच्याकडंच पुढं पैसे भरून जाऊ म्हणशील, तर करारात बऱ्याचदा त्याला मनाई असते. पहिल्याच बैठकीत विचार, 'पाचवी झाल्यावर काय?' उत्तर गुळमुळीत आलं तर काय ते समज. दर वेळी तोच माणूस मिळेल का आणि मराठी बोलणारा मिळेल का, हेही तेव्हाच विचार. अशा योजनांत बऱ्याचदा घरच्यांनाही बोलता येतं. वहिनींचं बघ. तुझ्या रात्रीच्या जागरणात त्याही जाग्याच असतात.

पैशाचं बोलू. मी एका बैठकीला हजार रुपये देतो. आठवड्याला गेलास तर महिन्याचे चार हजार, तुझ्या पगारात आणि गावाकडं पाठवतोस त्यात ते बोचणार. पहिले दोन महिने दर आठवड्याला आणि मग पंधरवड्याला, असं बोलून ठरवता येतं, आणि फी कमी करा म्हणायला लाजू नको. विम्यावर विसंबू नको. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखाच विमा द्यायला सांगितलंय, पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच पैसे देतात. ओपीडीचा वेगळा भाग असेल तरच काही हाती लागतं.

माणूस निवडताना पाटी बघू नको, शिक्षण विचार. समुपदेशक म्हणून आपल्याकडं आठवड्याभराचा कोर्स केलेलाही बसतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडं त्याची नोंदणी असते, नंबर विचारला म्हणून कुणी रागवत नाही. औषध मात्र मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर देतो. झोप अशीच उडालेली राहिली तर एकदा घाटीच्या, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत दाखव, रांग आहे पण खर्च नावाला. आणि मध्यरात्री फारच झालं तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झाला तेव्हा मलाही विश्वास नव्हता.

'येरवड्याला न्यायची वेळ आली का' असं काकू म्हणतील, म्हणू देत. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं म्हणून आपण ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चार नावं ऐकत मोठे झालो, त्यात मराठवाड्यातलं एकही नाही. म्हणून आपल्या माणसाला मन म्हटलं की थेट पुण्याची गाडी दिसते. नांदेडचे लोक गुपचूप हैदराबादला जातात, इथले सोलापूरला, कारण गावातल्या दवाखान्यापुढं आपली मोटारसायकल कुणी ओळखली तर काय! तू ऑनलाइन घे. फक्त बजाजनगरच्या त्या दोन खोल्यांत पोरांच्या समोर बसून होणार नाही. मित्राची कार मागून घे आणि कुठंतरी सावलीला लाव. मीही कितीतरी दिवस कारमध्येच बसून बोललोय, काच वर, एसी बंद, घामाघूम.

दोन नावं तुला वेगळी पाठवतो, एक संभाजीनगरच्या आणि एक ऑनलाइन बोलणारे. दोघांशी एकेकदा बोल, ज्यांच्यापुढं तुला उगं शहाणपणा दाखवावा लागणार नाही ते धर. कंपनीचा नंबर सोमवारी फिरव, पण एचआरचा कागद आधी मला फोटो काढून पाठव. रात्रपाळी सुटल्यावर फोन केलास तरी उचलीन.

काकूंना आणि वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. अण्णांना माझा नमस्कार सांग, बाकी या पत्रातलं काही सांगू नको.

तुझा,
दत्ता