भेटीनंतर मोजलेला रॅम्प

महोदय,

3 डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन जवळ आला की शाळाशाळांच्या बस अस्थिव्यंग मुलांच्या शाळांकडे वळतात. बिस्किटांचे पुडे वाटायचे, ग्रुप फोटो काढायचा आणि तासाभरात परत फिरायचे, हे आम्हा शिक्षकांच्या अंगवळणी पडले आहे. त्या मुलांचा अभ्यास बुडतो तो वेगळाच.

यंदा आमच्या आठवीच्या वर्गाने खाऊ नेला नाही. मुले गणिताच्या तासाला त्यांच्या शेजारी बसली, मग कॅरम रंगला. पायाला आधार देणारे कॅलिपर लावून चालणाऱ्या एका मुलीने बसताना गुडघ्याजवळचा खटका कसा सोडवायचा, उभे राहताना तो पुन्हा कसा लावायचा हे दाखवले, तेव्हा प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. संकोच कुठल्या कुठे पळाला.

परतल्यावर मुलांनी टेप घेऊन आमच्याच शाळेचा रॅम्प मोजला. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी, असा दंडक आहे. आमचा जेमतेम पाच फूट भरला. त्यावरून एकट्याने व्हीलचेअर नेणे अशक्यच! दिव्यांग हक्क कायदा 2016 सालचा. 6 ते 18 वयाच्या लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा निवडून मोफत शिकण्याचा हक्क तो देतो. जवळच्या शाळेत शिरताच येत नसेल, तर निवड उरते कुठे?

शिक्षण विभागाने रॅम्प ‘आहे की नाही’ एवढेच न विचारता त्याचा उतार मोजून घ्यावा. आम्ही त्या मुलांना स्नेहसंमेलनाला बोलावले आहे; त्याआधी दुरुस्ती व्हावी, असा अर्ज व्यवस्थापनाकडे दिला आहे.

– एक शिक्षिका, कोल्हापूर