उतार, संडासाचं दार आणि तिसरा बाक : मंडळीचं आवाहन

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सप्रेम सलाम.

आपल्या चर्चचं जोतं 3 फूट उंच आहे. दगडी पायऱ्या, त्यांना कठडा नाही. व्हीलचेअरवर येणाऱ्या एका काकींना दर रविवारी चार तरुण खुर्चीसकट उचलून वर नेतात. पोरांचं कौतुकच आहे. पण काकी कमिटीसमोर स्पष्ट बोलल्या, "घंटा झाली की मी खाली यांची वाट बघत बसते. आणि शनिवार संध्याकाळपासून पाणी पीत नाही, कारण इथल्या संडासाच्या दारातून माझी खुर्ची जात नाही."

म्हणून पहिलं काम उताराचं. 1 फूट चढायला 12 फूट लांबी धरतात, म्हणजे आपल्याला 36 फूट हवेत, मधला सपाट टप्पा वेगळा. समोर एवढी जागा नाही, तेव्हा उतार भिंतीला धरून बाजूच्या दाराशी न्यायचा. "लोखंडी फळी टाकून भागवू" ही सूचना आम्ही मान्य केली नाही; उभ्या फळीवर खुर्ची मागे उलटते. दोन्ही बाजूंना कठडा हवा, आणि फरशी खरखरीत हवी. गुळगुळीत शहाबादीवर पावसाळ्यात धडधाकट माणूसही घसरतो. संडासाचं दार रुंद, बाहेर उघडणारं, आत धरायला दांडी.

आत तिसरा बाक अर्धा कापायचा, म्हणजे खुर्ची वाटेत किंवा मागच्या भिंतीशी न राहता घरच्यांच्या शेजारी बसेल. बाक एका कुटुंबानं आपल्या आजोबांच्या स्मरणार्थ दिलेला आहे हे आम्हाला ठाऊक आहे. त्या कुटुंबानं आनंदानं होकार दिला.

प्रभुभोजनाची रीतही बदलतो आहोत. ज्यांना वेदीपुढच्या कठड्यापर्यंत जाऊन गुडघे टेकता येत नाहीत त्यांना आजवर सगळ्यांत शेवटी जागेवर नेऊन देत होतो. आता त्यांच्यापासून सुरुवात. योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ दोन्ही पायांनी लंगडा होता, तरी दाविदाच्या मेजावर राजपुत्रांच्या पंगतीत जेवत होता (2 शमुवेल 9).

ऐकू कमी येणाऱ्यांसाठी बाकांभोवती तार फिरवून ती ॲम्प्लिफायरला जोडता येते. श्रवणयंत्रात 'टी'ची (त्या तारेतला आवाज पकडणाऱ्या टेलिकॉइलची) सोय असेल तर पंख्यांची घरघर वगळून उपदेश थेट कानात येतो. मात्र ज्यांना मुळीच ऐकू येत नाही त्यांना स्पीकर वाढवून काय उपयोग? सांकेतिक भाषा येणारं कोणी तुमच्या ओळखीत असेल तर कळवा, मानधन देऊ. गीतांची मोठ्या अक्षरातली पानं तरुण संघ काढतो आहे. ब्रेल बायबलचे खंड ठेवायला एक आख्खं कपाट लागेल. ब्रेल आपल्या लोकांना नवं नाही : केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई अंध मुलींना ते शिकवत होत्या, त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली. आपल्यातला एखादा अंध भाऊ पुढे येऊन बोटांनी शास्त्रपाठ वाचेल, अशी आमची इच्छा आहे. फक्त बसायला जागा देऊन भागणार नाही; वाचन, अर्पण गोळा करणं, भजनाला पेटी, सगळ्यात त्यांचा वाटा हवा.

एक विनंती पैशांची नाही. न विचारता कोणाच्या डोक्यावर हात ठेवून बरं होण्याची प्रार्थना सुरू करू नका. "विश्वास कमी पडतो" असं कुठल्याही आईला म्हणू नका. जन्मांध माणसाला पाहून, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं, असं शिष्यांनी विचारलं तेव्हा प्रभूनं दोन्ही नाकारलं (योहान 9). उपासनेत एखादं लेकरू मोठ्यानं ओरडलं तर मागे वळून बघण्याचीही गरज नाही.

यंदाच्या कापणीच्या सणातल्या लिलावाची सगळी रक्कम या कामाला जाईल. त्याआधी द्यायचं असेल तर अर्पणाच्या पाकिटावर 'उतार' लिहा, किंवा मंडळीच्या नावे चेक द्या. खजिनदारांकडून पावती जरूर घ्या. सिमेंट, वाळू, लोखंडी पाइप दिले तरी चालतील. जमाखर्च दर महिन्याला फलकावर लागेल. 3 डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाआधी उतार वापरात यावा, असा बेत आहे.

गवंडी, सुतार आणि वेल्डिंग येणाऱ्या भावांनी येत्या शनिवारी दुपारी 4 वाजता आवारात यावं. मापं घ्यायची आहेत, आणि काकी स्वतः खुर्ची घेऊन हजर राहणार आहेत.

आपली,
पास्टोरेट कमिटी